आयटीआय आणि पदविकेत सवलत नेमकी कशात द्यावी?

जुना जोडारी

नमस्कार. एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी व्यवसायाचा, म्हणजे फिटर ट्रेडचा, शिल्प निदेशक म्हणून मी तेवीस वर्षे काम करतो आहे. दरवर्षी वीस जणांची नवी तुकडी येते. त्यांत दहावीला चाळीस टक्के मिळालेला मुलगा असतो आणि घरच्या अडचणीमुळे अकरावीला न गेलेला ऐंशी टक्क्यांचाही असतो. दोघांनाही दोन वर्षांत तोच जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, त्याच शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून त्याच मापाला आणायचा असतो. ‘अभ्यासक्रम अवघड ठेवला तर मुले गळतात आणि सोपा केला तर प्रमाणपत्राला किंमत राहत नाही’ हे वाक्य मी इतक्या बैठकांमध्ये ऐकले आहे की आता ते मला खरेही वाटत नाही आणि खोटेही वाटत नाही. अवघड म्हणजे नेमके काय, हेच आपण ठरवलेले नाही.

एक उदाहरण देतो. व्हर्निअर कॅलिपरच्या मुख्य पट्टीवर २४ मिलिमीटर पूर्ण झालेले दिसतात आणि व्हर्निअरची सतरावी रेघ वरच्या एका रेघेशी जुळते, असे माप मी पहिल्याच महिन्यात प्रत्येकाला वाचायला देतो. सतरा गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४, म्हणून उत्तर २४.३४. निम्म्याहून अधिक मुले २४.१७ लिहितात. याच मुलांना कॅलिपरचे लघुत्तम माप किती असे विचारले, तर सगळी एका सुरात ०.०२ म्हणून सांगतात, आणि संगणकावरच्या परीक्षेत विचारला जाणारा प्रश्न बहुधा हा दुसराच असतो.

आता उत्तीर्ण होण्याचे नियम पाहा. प्रात्यक्षिकात किमान ६० टक्के हवेत, बाकीच्या विषयांत ३३ टक्के पुरतात. हाताच्या कामाला जास्त वजन आणि पुस्तकी भागाला सवलत, हा विचार मला अगदी मान्य आहे. मात्र प्रत्यक्षात त्याचे उलटे होते. प्रात्यक्षिकाचे ६० टक्के परीक्षकाच्या दयाबुद्धीवर निघतात, कारण साठाच्या खाली गेलेला मुलगा नापास होतो आणि त्याचे वर्ष आपल्या हाताने बुडवायला कोणी धजावत नाही. लेखी भागाचा हिशेब तर कोणीही करून पाहावा. चार पर्यायांचे पन्नास प्रश्न आहेत आणि चुकीबद्दल गुण कापले जात नाहीत असे धरले, तर ज्याला फक्त सहा प्रश्न येतात तो उरलेल्या चव्वेचाळिसांत डोळे मिटून खुणा करत सरासरीने आणखी अकरा बरोबर आणतो. सतरा झाले. ३४ टक्के. उत्तीर्ण.

त्यात २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमाने वर्षाचे तास १६०० वरून १२०० वर आणले. पूर्वी कार्यशाळा गणित आणि अभियांत्रिकी चित्रकला यांना वर्षाला प्रत्येकी ८० तास स्वतंत्र होते. ते आता व्यवसाय ज्ञानात सामावले गेले आहेत. प्रात्यक्षिकाचे १००० तास ८४० झाले. बदल्यात वर्षाला १५० तास जवळच्या कारखान्यात प्रत्यक्ष कामाचे, आणि कारखाना न मिळाल्यास गट प्रकल्प, अशी सोय आहे. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी असलेल्या संस्थेला ही सोय फायद्याची आहे. जिथून जवळची एमआयडीसी साठ किलोमीटरवर आहे, तिथे गट प्रकल्पच होतो आणि तो कसा होतो हे सांगायला नको.

माझा प्रश्न असा आहे: सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या या अभ्यासक्रमांत कुठे हात सैल सोडावा आणि कुठे मुळीच सोडू नये? अनुभव असलेल्यांनी लिहावे. ‘हल्लीची पिढी’ या विषयावरचे प्रतिसाद कृपया टाळावेत.

चाकणचा रस्ता

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी उत्पादन विभाग पाहतो आणि शिकाऊ उमेदवारांची निवडही माझ्याकडे असते. गुणपत्रिका मी शेवटी पाहतो. आधी उमेदवाराच्या हातात एक चित्र, म्हणजे ड्रॉइंग, देतो आणि तीन प्रश्न विचारतो: या तुकड्यात आरपार छिद्रे किती आहेत, कोणत्या मापावर सर्वांत कडक सूट, म्हणजे मापात चालू शकणारा फरक, दिलेली आहे, आणि हे चित्र प्रथम कोनाचे आहे की तृतीय कोनाचे (कोणत्या बाजूचे दृश्य कागदावर कुठे काढायचे याच्या या दोन पद्धती). आपल्याकडे प्रथम कोनाची पद्धत शिकवतात, पण जपानी किंवा अमेरिकी ग्राहकाकडून आलेली चित्रे तृतीय कोनाची असतात. कोपऱ्यातल्या कापलेल्या शंकूच्या खुणेकडे लक्ष गेले नाही तर डावी बाजू उजवीकडे जाते आणि सगळा माल भंगारात. दहांपैकी दोघे-तिघे या प्रश्नांची उत्तरे देतात. त्या दोघा-तिघांचे गुण इतरांपेक्षा जास्त असतातच असे नाही, हे मुद्दाम सांगतो.

म्हणून चित्रकलेचे तास कमी झाले याचे मला सर्वांत वाईट वाटते. कानस चालवणे मी सहा महिन्यांत शिकवून घेईन. तसेही आमच्याकडे कानस फारशी लागत नाही, सीएनसीवरून, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावरून, उतरलेल्या तुकड्याची धार मोडण्यापुरतीच लागते. सपाट कागदावरून घन वस्तू डोळ्यांपुढे उभी करण्याची सवय मात्र पंधरा ते अठरा या वयात लागली तर लागते. नंतर लावायला गेलो तर माणूसही चिडतो आणि मीही.

जोडारी साहेबांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. वर्ष बुडेल म्हणून साठ टक्के देणे ही दया नव्हे. नापास होण्याचा त्रास त्या मुलाला आमच्या दारात होतो, आणि तिथे त्याला पुरवणी परीक्षा नसते.

शाईचा डाग

मी तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकीची अधिव्याख्याता आहे. आयटीआयविषयी अधिकाराने बोलू शकत नाही, पण पदविकेतही दहावीनंतरचीच मुले असतात आणि तिढा तोच आहे, फक्त आमच्याकडे तो भाषेच्या आणि गणिताच्या रूपाने समोर येतो.

आधी भाषेविषयी. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने २०२१-२२ पासून मराठी-इंग्रजी द्विभाषिक अध्यापनाचा पर्याय दिला, तेव्हा आमच्या शिक्षक कक्षात ‘आता दर्जा गेला’ असे उद्गार निघाले होते. मी तेव्हा गप्प बसले, कारण माझेही मन साशंक होते. त्या वर्षीच्या चाचणीत एका मुलीने लिहिले होते: ‘करंट दुप्पट झाला तर तारेत उष्णता चौपट होते, कारण आय स्क्वेअर आर मध्ये आयचा वर्ग आहे, म्हणून जाड तार घ्यावी.’ त्याच प्रश्नाला शेजारच्या बाकावरील मुलाने निर्दोष इंग्रजीत सहा ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांत वर्गाचा उल्लेखच नव्हता. पूर्वीच्या पद्धतीत या दोघांपैकी कोणाला जास्त गुण पडले असते, हे मला ठाऊक आहे, आणि ते आठवले की आजही संकोच वाटतो. भाषेची अडचण दूर केल्याने विषय तसूभरही सोपा झालेला नाही, उलट आता मला विषयच तपासता येतो.

गणिताचे तसे नाही. पहिल्या सत्रातील गणितात घातांक-लॉगॅरिदम, निश्चयक, त्रिकोणमिती असे भाग येतात. पेपर सत्तर गुणांचा, उत्तीर्ण व्हायला अठ्ठावीस, आणि प्रत्येक प्रश्नात ‘पैकी कोणतेही’ असा पर्याय. पर्यायांची ही रचना मुलांच्या सोयीची म्हणून केलेली आहे आणि तिचा हेतू चांगला आहे, पण त्रिकोणमिती पूर्ण बाजूला ठेवूनही अठ्ठावीस गाठता येतात. पुढच्या वर्षी यंत्र शाखेचा विद्यार्थी तिरक्या बलाचे दोन घटक करायला बसतो किंवा माझा विद्यार्थी प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहातील कलांतर, म्हणजे फेजमधला फरक, काढायला बसतो, तेव्हा साइन-कोसाइन अंधारातून अचानक समोर आलेल्या गाडीसारखे अंगावर येतात. पहिल्या वर्षी दिलेली सवलत दुसऱ्या वर्षी व्याजासह वसूल होते, आणि ती वसूल करणारी व्यक्ती मी असल्यामुळे मुले मला खडूस म्हणतात.

थोडक्यात, ‘सवलत’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आहोत, असे मला वाटते. एका सवलतीने वाटेतला दगड बाजूला होतो. दुसऱ्या सवलतीने वाटच मध्ये तुटते.

आकडेमोड

शाईचा डाग यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून दहावीचे काही आकडे देतो, कारण या सर्व अभ्यासक्रमांचे दार तिथेच आहे. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद केले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्यावर इतका गदारोळ झाला की अंतर्गत गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही. तेव्हाचा आकडा ९९.९५. चार वर्षांत महाराष्ट्रातील मुले आधी मूर्ख आणि मग एकदम हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. माप बदलले, मुले तीच होती.

म्हणून उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून काठिण्य मोजण्याचा नाद आपण सोडावा, असे सुचवतो. हीच गोष्ट राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील त्या गाजलेल्या तरतुदीलाही लागू आहे. गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण असले तरी पुढे जाऊ द्यावे, मात्र या विषयांवर आधारित शिक्षण घेता येणार नाही अशी नोंद गुणपत्रिकेवर करावी, असा विचार २०२४ मध्ये पुढे आला होता. बहुतेकांनी ‘दर्जा घसरला’ म्हणून टीका केली. मला भीती नेमकी उलट वाटली. पंधराव्या वर्षी ज्याला गणितात बावीस गुण पडले, त्याच्या गुणपत्रिकेवर कायमचा शिक्का मारला तर फिटर आणि इलेक्ट्रिशियन होण्याचा त्याचा रस्ताच बंद होतो, कारण या दोन्ही व्यवसायांना दहावीला गणित आणि विज्ञान हवे असते. सवलत दिल्यासारखे दिसते आणि दार मात्र लावले जाते.

उजेड

आकडेमोड यांनी इलेक्ट्रिशियनचा उल्लेख केला म्हणून लिहिते. माझे वीजजोडणीची कामे घेण्याचे छोटेसे काम कोल्हापूर जिल्ह्यात आहे. मी तारतंत्री, म्हणजे वायरमन, या व्यवसायातून आयटीआय केले. वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, व्यवसायाला गणित-विज्ञानासह दहावी लागते आणि तारतंत्रीला आठवी उत्तीर्ण पुरते. मी दहावीला बसले होते, गणितात राहिले, आणि आठवीच्या पात्रतेवर प्रवेश घेतला. पुढे मंडळाचे भाषेचे पेपर देऊन दहावीची समकक्षताही मिळवली. आठवीचे दार उघडे नसते तर मी आज काय करत असते, याचा विचार मी करत नाही.

तरीही सवलतीच्या बाबतीत माझे मत इथल्या सगळ्यांपेक्षा कडक आहे. आमच्या निदेशकांचा एक नियम होता. मुख्य स्विच बंद केल्यावर टेस्टरने खात्री न करता तारेला हात लावला, की त्या दिवसाच्या जॉबला शून्य, मग जोडणी कितीही सुबक असो. टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून तो स्वतः चालतो आहे की नाही हे पाहायचे, मग बंद केलेल्या तारेवर, आणि मग पुन्हा चालू पॉइंटवर. हे तीन टप्पे चुकवले म्हणून मला दोनदा शून्य मिळाले आणि मी रडले. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना आज मी तेच करायला लावते. अर्थिंग तपासणे, मेगरने इन्सुलेशन पाहणे, न्यूट्रलच्या तारेत फ्यूज न घालणे, यांत साठ टक्के ही कल्पनाच मला कळत नाही. दहा घरांपैकी सहा घरांचे अर्थिंग बरोबर केले म्हणून वायरमन उत्तीर्ण, असे म्हणायचे का?

मुलींच्या सोयीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून एक ओळ. आमच्या कार्यशाळेच्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते, त्यामुळे मी दुपारपर्यंत पाणी पीत नसे. अभ्यासक्रम सुलभ करण्याच्या चर्चेत हे कधी येत नाही.

नेकारकाठ

धागा वाचून राहवले नाही. मी मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षे जर्मनीत श्टुटगार्टजवळ एका यंत्रनिर्मिती कारखान्यात आहे, आणि आमच्या विभागात नेहमी दोन-तीन शिकाऊ मुले असतात. इथली पद्धत आदर्श म्हणून सांगण्याची आपल्याकडे फॅशन आहे. मला तसे करायचे नाही. पण या धाग्यातील प्रश्नाला इथे काही ठोस उत्तरे दिलेली आहेत.

आपल्या फिटरला सर्वांत जवळचा इथला व्यवसाय म्हणजे इंडस्ट्रीमेकानिकर. मुदत साडेतीन वर्षे. मूल आठवड्यातील एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जाते आणि बाकीचे दिवस कारखान्यात पगारी शिकते. अंतिम परीक्षा दोन भागांत होते: पहिला भाग मध्यावर, त्याचे वजन ४० टक्के, दुसरा शेवटी, त्याचे ६० टक्के. पन्नास गुणांना उत्तीर्ण. पहिल्या भागाचे गुण अंतिम निकालात धरले जात असल्यामुळे कोणी शेवटच्या दोन महिन्यांच्या घोकंपट्टीवर विसंबू शकत नाही. परीक्षक मंडळात कारखानदारांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि व्यवसायशाळेचा शिक्षक असे तिघांचेही लोक बसतात. मुलाला स्वतः शिकवलेल्या माणसाची दया तिथे एकट्याने चालत नाही.

लेखी परीक्षेत सूत्रांचे आणि तक्त्यांचे जाडजूड पुस्तक सोबत नेता येते, हे मला सर्वांत आवडले. ३० मीटर प्रति मिनिट कर्तनवेगाने १० मिलिमीटरच्या ड्रिलचे मिनिटाला होणारे फेरे काढायचे असतील तर सूत्र पाठ असण्याची गरज नाही; ते पुस्तकात आहे, आणि हजार गुणिले तीस, भागिले ‘पाय (π) गुणिले दहा’ करून सुमारे ९५५ हे उत्तर गणकयंत्रावर येते. पण प्रश्न सरळ ‘फेरे काढा’ असा येत नाही. चित्र येते, धातूचे नाव येते, यंत्रावर उपलब्ध असलेल्या वेगांची यादी येते, आणि कोणता वेग निवडाल व का, असे विचारतात. पुस्तक उघडे असूनही त्यात इथली मुलेही नापास होतात. स्मरणशक्तीवरचा भार कमी केला आणि समजुतीवरचा वाढवला. दोन्ही एकाच परीक्षेत.

दुसरी गोष्ट. ज्यांना साडेतीन वर्षांची झेप मोठी वाटते त्यांच्यासाठी यंत्रचालकाचा दोन वर्षांचा वेगळा व्यवसाय आहे, आणि तो पूर्ण करून पुढे मोठ्या व्यवसायात सामील होता येते. म्हणजे मोठ्या परीक्षेला पाणी घालून पातळ करण्याऐवजी तिच्या खाली एक खरी, स्वतःच्या नावाची पायरी बांधली. त्या दोन वर्षांच्या माणसाला कारखान्यात किंमत असते, तो अर्धवट फिटर समजला जात नाही.

आता काळी बाजू. कायद्याने इथे शिकाऊ म्हणून लागायला शालेय प्रमाणपत्राची अट नाही, पण निवड कारखाना करतो आणि कारखाना स्वतःचा स्वार्थ पाहतो. ज्यांना कोणी घेत नाही अशी मुले पूर्वतयारीच्या वर्गांत वर्ष-दोन वर्षे फिरत राहतात, आणि त्यांत स्थलांतरितांची मुले जास्त असतात. माझ्या शेजाऱ्याच्या मुलाला सतरा ठिकाणांहून नकार आला. दार कायद्याने सताड उघडे असते आणि दारात पहारेकरी बसलेला असतो.

जुना जोडारी

नेकारकाठ यांनी शेवटचा परिच्छेद लिहिला नसता तर मीच तो मुद्दा काढणार होतो. आमच्याकडे केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाची यादी लागते आणि जो येईल त्याला आम्ही घेतो, नकार देण्याचा अधिकार आम्हाला नाही. तो नसावा असेच माझे मत आहे. पण मग येणाऱ्याला २४.१७ पासून २४.३४ पर्यंत नेण्यासाठी लागणारा वेळ आम्हाला मिळायला हवा, आणि नेमके तेच तास कमी झाले आहेत.

उघड्या पुस्तकाची कल्पना मला पटली. चेन्नईच्या राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेची पुस्तके आमच्याकडे मराठीतही आहेत. परीक्षेत ती उघडू दिली तर अर्ध्या मुलांना कोणते प्रकरण काढायचे हेच कळणार नाही, आणि तेही एक प्रकारे निदानच होईल.

उजेडताई, तुमचा टेस्टरचा नियम मी उद्यापासून आमच्या ड्रिलिंग यंत्राला लावतो आहे. चक-किल्ली चकमध्ये, म्हणजे ड्रिल पकडणाऱ्या भागात, ठेवून यंत्र सुरू केले की शून्य. इतके दिवस मी नुसता ओरडत होतो.

दुसरी पायरी

मी या धाग्याचा विषय आहे, असे म्हणायला हरकत नाही. दहावीला ४६ टक्के, मग दोन वर्षे फिटर, आणि दोन वर्षांच्या आयटीआयनंतर मिळणाऱ्या सवलतीने पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला यंत्र शाखेत प्रवेश. आता तिसऱ्या वर्षात आहे. पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि तसे जाण्याचा विचार आहे.

कागदावर ही शिडी सुरेख आहे. पण एक पायरी कोणाच्याच लक्षात आलेली नाही. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्याचे पहिले वर्ष माफ होते, आणि शाईचा डाग यांनी लिहिलेले लॉगॅरिदम, निश्चयक आणि त्रिकोणमिती त्याच पहिल्या वर्षात असतात. आम्ही कार्यशाळेत अख्ख्या वर्गाला भारी होतो. लेथवर चार तोंडांच्या चकमध्ये तुकडा मधोमध कसा आणायचा हे आम्ही नियमित विद्यार्थ्यांना शिकवले. बलविज्ञानाच्या तासाला मात्र मास्तरांनी फळ्यावर कोसाइन लिहिले तेव्हा आम्ही चौघेजण एकमेकांकडे पाहत राहिलो. चौघांपैकी एक आमच्या दुसऱ्या सत्रानंतर सोडून गेला. त्याला काम येत नव्हते म्हणून तो गेला असे त्याच्या घरी सांगितले गेले. त्याच्याइतकी नेमकी मापे आमच्यात कोणाची येत नव्हती.

मला शाखेतील एका नियमित मुलाने त्याची पहिल्या वर्षाची वही दिली आणि मी ती दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण केली. त्रिकोणमिती मला गुण्या आणि साइन बारवरून कळली. साइन बारच्या एका टोकाखाली गेज ब्लॉक ठेवून कोन लावताना आम्ही आयटीआयत तक्त्यातून आकडा पाहायचो आणि तो आकडा कुठून येतो हे कधी विचारले नव्हते. तो साइनच होता, दोन वर्षे हातात होता. कोणी एवढे सांगितले असते तरी पुरे झाले असते.

शाईचा डाग

दुसरी पायरी यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. थेट दुसऱ्या वर्षाच्या मुलांची उजळणी आमच्याकडे ‘अतिरिक्त तास’ या नावाने वेळापत्रकात संध्याकाळी पाचनंतर लावली जाते, आणि शेवटची एसटी साडेपाचला असल्याने वर्ग रिकामा राहतो. मग आम्हीच म्हणतो की यांना शिकायचे नाही.

साइन बारचे उदाहरण मी उचलते आहे. आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांना मी आजवर ‘मुलांना उपयोजन दाखवा’ असे मोघम सांगत असे, आणि ते पतंगाच्या दोरीचा कोन दाखवत.

चाकणचा रस्ता

चांगली चर्चा चालली आहे, पण मूळ गाठ तशीच आहे: प्रात्यक्षिकाचे माप घ्यायचे कोणी? परीक्षक बाहेरच्या संस्थेतून आला तरी तो त्याच खात्यातला, त्याच दबावाखालचा. मला एकदा परीक्षेच्या वेळी एका संस्थेत पाहुणा म्हणून बोलावले होते. नर-मादी जोड, चौकोनी, ०.०४ मिलिमीटरची सूट. माझ्याजवळ स्वतःचा मायक्रोमीटर होता. बारा जॉब मोजले, त्या मर्यादेत दोनच बसले. निकालात बाराही उत्तीर्ण. मी कोणाला दोष देत नाही, पण मग ०.०४ लिहायचे तरी कशाला? ०.२ लिहा आणि ते काटेकोर तपासा. खोट्या ०.०४ पेक्षा खरे ०.२ मला कामाचे आहे, कारण त्या प्रमाणपत्रावर मी विश्वास ठेवू शकेन.

उजेड

याला माझा विरोध आहे. ०.२ लिहिले की दोन वर्षांनी ०.५ वर दया सुरू होईल. आकडा ०.०४ च राहू द्या आणि पोराला तिथवर पोचायला तीनदा संधी द्या. मला शून्य मिळाले तेव्हा दुसऱ्या दिवशी तोच जॉब परत करायला मिळाला होता, म्हणून ते शून्य मला सोसले.

चाकणचा रस्ता

तीनदा संधी म्हणजे तिप्पट पट्ट्या, तिप्पट पोलाद. त्याचे पैसे कोण देणार, तेही लिहा.

जुना जोडारी

पोलादाचा प्रश्न खरा आहे. आम्हाला कच्च्या मालासाठी जे मिळते त्यातून एका मुलाला एका जॉबसाठी एकच तुकडा नीट देता येतो. पण भंगारात गेलेला ५० मिलिमीटरचा चौकोन कापून ४५ चा करता येतो आणि पुन्हा ४० चा. जुने निदेशक हेच करत असत. माप लहान होत जाते, सूट तीच राहते. या तुकडीपासून मी ते पुन्हा सुरू करतो आहे.

मापाच्या बाबतीतही एक बदल केला आहे, कालपासून. जॉब माझ्याकडे आणण्याआधी तो दुसऱ्या दोन मुलांनी मोजायचा आणि तिघांनी आपापली मापे कार्डावर लिहायची, माझी नजर पडण्यापूर्वी. तिघांत ०.०२ पेक्षा जास्त फरक आला तर जॉब नव्हे, मोजणी परत. काल पहिल्याच कार्डावर एकाने २४.१७ लिहिले होते, दुसऱ्याने २४.३४ आणि तिसऱ्याने २४.३२. २४.१७ वाल्याला मी काही बोललो नाही. बाकीच्या दोघांनी त्याला धरून खिडकीजवळच्या उजेडात नेले आणि पंधरा मिनिटे कॅलिपर तिघांत फिरत होता. मधली सुट्टी झाली तरी ते तिथेच होते. पुढच्या आठवड्यात वीसही कार्डे झाली की इथे आकडे टाकतो. चाकणकर साहेब, तुमचा मायक्रोमीटर घेऊन एखाद्या शनिवारी या.